साखर वाढली

निंभोरीच्या शाळेत लॅपटॉप आले, त्या दिवशी गावंडे मॅडमनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले होते. हक्कच होता त्यांचा. खेड्यातल्या पोराच्याही हातात स्वतःचं यंत्र हवं म्हणून त्यांनी इतके अर्ज केले होते की, जिल्ह्याच्या कचेरीतला शिपाई त्यांना पाहिलं की आपणहून खुर्ची पुढे करायचा. बाई लवकर बसतील, म्हणजे लवकर उठतील, असा त्याचा हिशेब. शेवटी सरकार हललं. पाचवीत आलेल्या प्रत्येक पोराला एक लॅपटॉप, आठवीपर्यंत तो त्याचा एकट्याचा. घरी न्यायचा, उशाशी घेऊन झोपायचं. सरकारी नाव होतं ‘विद्यामित्र’. पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा ‘मैतर’ करून टाकला.

त्याला आता चार वर्षं होत आली. मॅडम अजून शाळेत होत्या, पण मराठी शिकवत नव्हत्या. मराठी मैतर शिकवायचा, गणितही तोच, इतिहासही तोच. मॅडमच्या हुद्द्याचं नाव आता ‘समन्वयक’ असं झालं होतं आणि काम म्हणाल तर वायरी मोजायच्या, कुणाच्या मैतरवर वरण सांडलं ते पुसायचं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असं स्टाफरूममधले लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. मॅडम हसून सोडून देत. कारण खरं सांगायचं तर मैतर शिकवायचा फार छान.

दिसायला तो साधाच लॅपटॉप होता. पण तो मुलाला वाचायचा. बोट कोणत्या अक्षरावर अडखळतं, डोळा कोणत्या ओळीवरून मागे फिरतो, उत्तराआधी जीभ किती थांबते, हे सारं टिपून तो आपल्या पोटात त्या मुलाची एक प्रतिमा घडवायचा. रोज थोडी थोडी, मातीचा गणपती घडवावा तशी. मग उद्याचा धडा आधी त्या प्रतिमेला शिकवून बघायचा. तिला कळला नाही, तर धडा बदलायचा. म्हणून खऱ्या मुलावर ‘मला येत नाही’ म्हणायची पाळीच येत नसे. चैताली ढोके अपूर्णांकाला घाबरून पाचवीत रडायची. तिला मैतरनं संत्र्याच्या फोडींवरून अपूर्णांक शिकवले, कारण तिची आई हंगामात संत्र्यांच्या पेट्या भरायला जाते हे त्याला ठाऊक होतं. आठवीत तीच चैताली अशी गणितं सोडवत होती की, मॅडमना प्रश्नसुद्धा कळू नये.

मैतरचं आणखी एक काम होतं. रोज संध्याकाळी तो मुलाशी गप्पा मारायचा. आज काय जेवलास, घरी कोण भांडलं, डब्यांत काय आहे. उपाशी पोर, मार खाणारं पोर, लग्नाचं घाटत असलेली मुलगी वेळेवर कळावी म्हणून ही सोय. आणि घरातली झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून कायदाही कडक होता. गप्पा मैतरच्या बाहेर जायच्या नाहीत आणि रोज रात्री पुसल्या जायच्या. वर जिल्ह्याला जायचं ते फक्त गप्पांतून काढलेलं सार. कुवत किती, गरज किती, खरेपणा किती. घरचा सरकारी शिधाही त्यातल्या गरजेवरच ठरायचा. हा कायदा जाहीर झाला त्या सभेत सगळ्यात जोरात टाळी मॅडमनीच वाजवली होती.

परीक्षा तर कधीच बंद झाल्या होत्या. आठवीच्या शेवटी मैतर ‘वाट’ सांगायचा, आणि पोर त्या वाटेनं जायचं.

एप्रिलच्या एका सकाळी आठवीच्या वर्गात सगळे पडदे एकदम उजळले. कुणी ओरडलं, कुणी बाक वाजवला. मॅडम चैतालीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. या पोरीची वाट त्यांनी मनातल्या मनात केव्हाच काढून ठेवली होती. पडद्यावर तीच होती. निवासी विज्ञान शाळा, अमरावती. कुवत उत्तम. त्याखाली लिहिलं होतं, गरज नाही, जागा सशुल्क.

“चुकलं असेल,” मॅडम म्हणाल्या.

“मैतर नाही चुकत, मॅडम,” चैताली म्हणाली. ती पडद्याकडेच बघत होती. “पण पैसे भराले आई नाही म्हणीन. असते कुठं तिच्यापाशी?”

मागच्या वर्षी या पोरीचा बाप कावीळ होऊन गेला. संत्र्यांचा टेम्पो चालवायचा, हसतमुख माणूस. तेव्हापासून पोरगी वाळत चाललेली त्या डोळ्यांनी बघत होत्या. आणि हिला म्हणे गरज नाही! त्याच संध्याकाळी त्या ढोकेंच्या घरी गेल्या.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पण सारवण असं की खाली बसायला संकोच वाटावा. चैतालीच्या आईनं, नंदानं, पदर सावरत सतरंजी टाकली. हात मोकळे होते. मॅडमची नजर तिकडे गेली आणि त्यांनी ती लगेच दुसरीकडे नेली.

“बसा न जी मॅडम. पोरीनं काही केलं काय?”

“नाही हो. ते वाटेचं विचारायला आले. तुमच्या घरी शिधा तर येतो ना सरकारचा?”

“येत होता न. हे गेले आन् दोनक महिन्यानं बंदच झाला. आमाले वाटलं, त्यायच्या नावावर असंन. माणूस गेला, त्याच्यासंगं थोयी गेला.” नंदानं आत वळून हाक दिली, “चैतू, मॅडमले चहा ठेव व माय.” मग एकदम आठवल्यासारखं करून ती ओशाळली. “मॅडम, साखर वाढली पाहा कालच. गुळाचा चाल्ते काय?”

“साखर जास्त झाली तर गुळाचा कशाला?” मॅडम थट्टेनं म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. मराठीच्या मास्तरणीनं असं विचारावं! बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना हेच तर शिकवलं होतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातला जिन्नस संपला असं म्हणायचं नाही, वाढला म्हणायचं, म्हणजे लक्ष्मी रुसत नाही.

हसता हसताच त्यांना मैतर आठवला.

“चैताली, इकडे ये. मैतर रोज विचारतो ना, घरात काय आहे म्हणून? तू काय सांगतेस?”

“जे असे थेच सांगो. तेल वाढलं, पीठ वाढलं, तांदूळ वाढले.”

“आणि तो काय म्हणतो?”

“छान म्हणे.”

“अगं, मग तुला काही वाटलं नाही?”

चैताली चहाच्या भांड्याकडे बघत राहिली. “पयले वाटे. पण मैतर सगळ्यालेच छान म्हणते. मी म्हटलं, धीर देत असंन.” मग ती म्हणाली, “बाबा गेले तव्हा मी त्याले सांगतलं, आईच्या बांगड्या वाढवल्या, मंगळसूत्रई वाढवलं. त थो म्हणे, अरे वा! अभिनंदन. किती वाढल्या? मी म्हटलं, सगळ्या. त्याच्यानंतर मी त्याच्यासंगं घरचं बोललीच नाही.”

नंदा पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तीन वर्षं या लेकरानं आपली भूक रोज खरी खरी सांगितली होती, आणि ऐकणाऱ्यानं ती भरलेले डबे म्हणून मोजली होती. दागिने वाढतात, धान्य वाढतं, आणि आता तर मुलगी तक्रारही करत नाही. असं घर संपन्न नाही तर काय!

दुसऱ्या दिवशी मॅडम जिल्ह्याला गेल्या. शिपायानं सवयीनं खुर्ची पुढे केली. मैतरचा कारभार बघणारा अधिकारी सारंग भुयार म्हणून तरुण मुलगा होता, अमरावतीचाच. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मध्येच म्हणाला, “माझी आजीसुद्धा असंच म्हणायची हो!” मग खजील झाला.

“मग तुमच्या यंत्राला हे कसं माहीत नाही?”

“यंत्र लहान आहे, मॅडम. मोठी यंत्रं वीज खातात. हे खेड्यातल्या सौरपट्टीवर चालावं म्हणून त्याला मोजकीच भाषा दिली, पाठ्यपुस्तकातली, बातम्यांतली. त्यात वाढणं म्हणजे वाढणं.”

“पण ते मुलाकडून शिकतं ना?”

“शिकतं. पण आपण छान म्हटल्यावर मुलगी काही बोलली नाही, यावरूनच ते शिकणार. तिनं एकदाही ‘तसं नव्हे’ असं म्हटलं नाही. त्यामुळे चार वर्षांत चूक आणखी पक्की झाली. खरं सांगू? आत्ता त्याच्या पोटात जी चैताली आहे, ती वेगळीच मुलगी आहे. खाऊनपिऊन सुखी घरातली.”

“मग जुन्या गप्पा काढा आणि नव्या अर्थानं वाचा.”

“त्या रोज पुसल्या जातात, मॅडम. कायदाच आहे.”

“मी लिहून देते. शाळेच्या शिक्क्यानिशी देते.”

“माणसाची शिफारस चालत नाही. वशिलेबाजी थांबावी म्हणून ते बंद केलं.” त्यानं मान खाली घातली. “ते बंद करा, या मागणीवर तुमचीही सही आहे.”

होतीच. मॅडमना आठवलं, निळ्या शाईनं ठसठशीत केली होती. आपण एकेक दार चांगल्या मनानं लावत गेलो आणि आता आत हे लेकरू अडकलं. त्यांना रडू यायला लागलं, पण परक्या मुलासमोर रडायचं वय नव्हतं.

सारंग वाईट मुलगा नव्हता. त्यानं फेरतपासणीची सोय शोधून काढली. मैतर त्या मुलीला घरचे प्रश्न एकदा नव्यानं विचारील. तिनं साध्या शब्दांत सांगायचं. वाढलं म्हणायचं नाही, संपलं म्हणायचं. “एक मात्र आहे,” तो दारापर्यंत येऊन म्हणाला. “तिला पढवू नका. पहिल्या वर्षी गावोगावी आईबापांनी पोरांना पढवून बसवलं होतं, घरात काही नाही म्हण म्हणून. तेव्हापासून यंत्र अडखळणं मोजतं. जे मनापासून येतं ते सरळ येतं, घोकलेलं अडखळतं. ते त्याला बरोबर कळतं.”

‘संपलं म्हण’ एवढं सांगणं म्हणजे पढवणं झालं का? मॅडमनी विचार केला आणि मनाशी ठरवलं, नाही. खरं तेच तर सांगायचं आहे.

नंदाला मात्र ते पटेना. एरवी मॅडमच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई तिखट झाली.

“थो शब्द मी पोरीच्या तोंडून निंगू देनार नाही, मॅडम. तुमी शिकल्यासवरल्या, तुमाले हासू यीन. ज्या दिवशी यायले दवाखान्यात नेलं न, त्या दिवशी सकायीच हे पोरगी म्हणे, आई, तेल संपलं. मी हिच्या तोंडावर मारलं होतं तव्हा. पण तोंडातून गेलं थे गेलंच.”

चैताली कोपऱ्यात उभी होती. तिनं वर बघितलं नाही. मॅडमना त्या क्षणी कळलं की, वर्षभर या पोरीनं उरात काय वागवलं आहे. बापाला कावीळ झाली होती, लिव्हर गेलं होतं, हे शास्त्र तिला मैतरनं चित्रं काढून शिकवलं होतं. तरी आतून तिला वाटत होतं की, बापाला आपल्याच जिभेनं नेलं.

“अगं, शब्दानं माणूस मरत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मले माहीत आहे,” चैताली म्हणाली. पण तिचा आवाज माहीत असल्यासारखा नव्हता.

शेवटी आईचं मन मॅडमनी वळवलं नाही, पोरीनंच वळवलं. ती एवढंच म्हणाली, “आई, मले गणित शिकाचं आहे.” नंदानं उठून देवासमोर दिवा लावला आणि म्हणाली, “म्हण मंग. मी इथं बसतो दिव्यापाशी. तू म्हणशीन, तव्हा मी हात जोडीन.”

फेरतपासणी शाळेतच झाली, दुपारच्या सुट्टीत. नियमाप्रमाणे खोलीत चैताली आणि मैतर, दोघंच. मॅडम दाराबाहेर व्हरांड्यात उभ्या राहिल्या. दार जुनं होतं, आतलं ऐकू येत होतं.

“चैताली, बऱ्याच दिवसांनी घरच्या गप्पा! सांग बघू, घरात तांदूळ आहेत?” मैतरचा आवाज नेहमीसारखा गोड होता. हाच आवाज तिला चार वर्षं गणितं समजावत होता.

आत शांतता पसरली.

“तांदूळ सं...” चैताली थांबली. तिनं श्वास घेतला. “तांदूळ... संपले.”

“आणि तेल?”

ही शांतता पहिलीपेक्षा मोठी होती. मॅडमनी व्हरांड्याचा खांब धरला. म्हण गं बाई, म्हणून टाक, एकच शब्द आहे. आतून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं, मग खूप वेळानं, कुणी घसा दाबून वदवून घ्यावं तसं, “तेल... तेल संपलं.”

“बाबांच्या माघारी आईच्या बांगड्या किती आहेत?”

तिला ते सांगताच आलं नाही. ती रडायला लागली. मैतरनं समजूतदारपणे वाट पाहिली आणि म्हणाला, “काही हरकत नाही. इथंच थांबू या.”

निकाल चौथ्या दिवशी आला. सारंगनं आधी फोन करून मॅडमना सांगितलं, एवढी माणुसकी त्यानं पाळली. “घोकलेलं उत्तर असं आलंय, मॅडम. त्याच्या पोटातल्या चैतालीनं ते शब्द कधीच उच्चारले नव्हते, आणि उच्चारताना इतकी अडखळ... त्याला ते खोटं वाटलं.”

“ते खोटं नव्हतं, घाबरली होती ती!”

“घाबरणं आणि खोटं बोलणं यांत फरक करायला ते यंत्र शिकलेलं नाही.” तो पुढे म्हणाला, “आणखी एक आहे. खरेपणाचा आकडा खाली आला, की बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते. गणितात कुणी मदत केली असावी, असं... कुवत पुन्हा मोजली गेली. विज्ञान शाळेची वाट आता नाही. सशुल्कसुद्धा नाही.”

“मग कोणती आहे?”

“गावातच. पेटीभरणीचं कौशल्य. संत्र्याचं.”

“आणि ‘वाढलं’चा अर्थ?”

“तो पुढच्या आवृत्तीत टाकतोय. तुमच्यामुळंच लक्षात आलं. पुढच्या मुलांना फायदा होईल.” त्याला मॅडमना खूश करायचं होतं. मॅडमनी फोन ठेवून दिला.

शाळेचा शेवटचा दिवस आला. आठवीच्या पोरांनी आपापले मैतर जमा करायचे, म्हणजे ते पुसून पुढच्या पाचवीला देता येतात. अमरावतीला जाणाऱ्यांना तिथं मोठे मिळणार होते. पोरं रांगेनं येत होती, मैतरच्या झाकणावर चिकटवलेली चित्रं नखानं खरवडत होती. एकदोघी रडल्याही. चैताली सगळ्यांच्या शेवटी आली. तिनं मैतर स्वच्छ पुसून आणला होता. झाकणावर संत्र्याचं एक चित्र होतं, अर्धी फोड रंगवलेली, ते तिनं तसंच ठेवलं होतं.

मॅडमनी नियमाप्रमाणे तो उघडून सुरू केला. पुसायच्या आधी तो शेवटचा एकदा मुलाशी बोलतो, अशी सोय होती.

“आईला सांगितलंस?” मॅडमनी विचारलं.

“हो. आई म्हणे, तोंडातून गेलं थे गेलंच.” चैतालीनं मैतर टेबलावर जरा सरळ केला. “माही शाळा संपली, मॅडम.”

हे ती कुठंही न अडखळता म्हणाली. श्वास घेतला नाही, आवंढा गिळला नाही. आता तो शब्द तिला येत होता. बत्तीस वर्षांची मास्तरकी होती, आणि त्याआधीची आईची, आजीची शिकवण. मॅडमच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “असं म्हणू नये, बाळा. वाढली म्हणावं.”

चैतालीनं त्यांच्याकडे बघितलं. मोठ्या माणसांचं ऐकायची तिला सवय होती.

“वाढली,” ती म्हणाली.

“अरे वा, चैताली!” टेबलावरून मैतर आनंदानं म्हणाला. “अभिनंदन. किती वाढली?”

“सगळी,” चैताली म्हणाली, आणि तिनं झाकण लावलं.